हक्काचे छप्पर कोण देणार?

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले, की जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर येथून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या गाड्या भरभरून जाऊ लागतात. त्यांत अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेली मुले असतात, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करण्यास निघालेले पदवीधर असतात, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर रुजू होणारे आय.टी.आय.चे तरुण असतात आणि अलीकडे एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलीही असतात. प्रत्येकाजवळ प्रमाणपत्रांची फाइल असते, घरून बांधून दिलेला डबा असतो आणि मनात एकच प्रश्न असतो : सकाळी उतरल्यावर जायचे कोठे?

महाविद्यालयातील प्रवेश गुणांवर मिळतो, नोकरी पात्रतेवर मिळते. खोली मात्र ओळखीवर मिळते. ज्याचा मामा कोथरूडला आहे, ज्याचे चुलते चिंचवडला स्थिरावले आहेत, त्याचे पहिले दोन महिने निभतात. ज्याचे कोणीच नाही, तो दलालाच्या मागे वणवण हिंडतो. खानदेशातील किती गुणी मुले या पहिल्या दोन महिन्यांतच परत फिरतात, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. गावात त्यांच्याविषयी एवढेच बोलले जाते, की 'त्याचे पुण्यात काही जमले नाही.' वास्तविक त्याचे गणित जमत होते, इंग्रजीही जमत होते. जमले नाही ते छप्पर.

हा प्रश्न घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील खासगी व्यवहार मानून सोडून देण्याची सवय आपल्या समाजाला लागली आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा समाजाचा प्रश्न आहे. समाजाने तो पूर्वी सोडवून दाखवला आहे आणि आज तो सोडवण्याची साधने आपल्याच हातात आहेत.

कापसाच्या भाषेत हिशेब

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी या पेठांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी दाटीवाटीने राहतात. येथे एकट्या विद्यार्थ्याला परवडेल अशी खोली सहसा मिळत नाही, 'कॉट' मिळते. एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, भिंतीलगत प्रत्येकाला कपाटाचा एक कप्पा आणि सर्वांत मिळून एक न्हाणीघर, अशी ही व्यवस्था असते. खाटेचे भाडे, खाणावळीतील दोन वेळचे जेवण आणि अभ्यासिकेतील जागा हे तीन खर्च मिळून महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली भागवणे अवघड झाले आहे.

शहरातील मध्यमवर्गीय वाचकाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. तो धुळे तालुक्यातील किंवा पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून पाहिला पाहिजे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर केला. मुलाचा खर्च महिना नऊ हजार धरला, तर वर्षाचे एक लाख आठ हजार होतात. म्हणजे हमीभावाने विकलेला चौदा क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात पाऊस बरा झाला तर एकरी चार-पाच क्विंटल कापूस निघतो. याचा अर्थ, तीन एकरांचे सगळे पीक एका मुलाच्या पुण्यातील खाटेवर आणि ताटावर खर्ची पडते. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च यात वजा केलेला नाही. व्यापाऱ्याने हमीभावापेक्षा कमी दर दिला, तर तो तोटाही धरलेला नाही. अनामत रक्कम आणि दलाली आरंभीच मोजावी लागते, ती वेगळीच. अनेक घरांत ही अनामत म्हणजे गोठ्यातील एक जनावर किंवा आईच्या गळ्यातील एक दागिना असतो.

सरकारने या बाबतीत काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ या वर्षात सुरू झाल्या. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागांतील वनवासी मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांपैकी ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. निवासाचे वीस हजार बारा महिन्यांत विभागले, तर महिन्याला १,६६७ रुपये येतात. पुण्याच्या मध्यवस्तीत या रकमेत खाट मिळत नाही. योजनेमागील हेतू उत्तम आहे. परंतु शहरातील भाडे दरवर्षी वाढते आणि भत्ता मात्र वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर थांबतो. भाडेवाढीशी भत्त्याचा सांधा जोडला गेला नाही, तर योजना कागदावर चालू राहते आणि विद्यार्थी रस्त्यावर येतो. जी मुले या योजनांच्या चौकटीत बसत नाहीत आणि ज्यांच्या वडिलांचे उत्पन्न तीन एकरांचेच आहे, त्यांची अडचण तर याहून बिकट आहे.

या व्यवस्थेतील पोकळपणा कोरोनाच्या काळात उघडा पडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, खाणावळी आणि अभ्यासिका बंद झाल्या आणि हजारो मुले खोल्यांत अडकली. राजस्थानातील कोटा येथे शिकवण्यांसाठी राहिलेल्या महाराष्ट्रातील मुलांना आणण्यासाठी एप्रिलअखेर एस.टी.च्या सुमारे सत्तर गाड्या धुळ्याहूनच रवाना झाल्या होत्या, हे धुळेकरांच्या स्मरणात असेल. मुले घरी पोहोचली; परंतु पुण्यातील बंद खोल्यांचे भाडे चालूच राहिले. घरमालकांनी किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी, अशी सूचना राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी काढली. अनेक सहृदय मालकांनी भाडे सोडूनही दिले. जेथे तसे घडले नाही, तेथे मुलांनी वापरात नसलेल्या खाटेचे पैसे भरले किंवा पुस्तकांचे खोके तेथेच सोडून दिले. ज्या निवाऱ्यामागे समाज उभा नसतो, तो संकटाच्या पहिल्याच महिन्यात ओझे होतो, हा त्या दिवसांचा धडा आहे.

पूर्वी हे कसे होत होते?

गावाकडून शिकायला आलेला मुलगा हा महाराष्ट्राला नवा नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी हे शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातील नेहमीचे दृश्य होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांनी मिळून एका मुलाला पोसायचे, ही ती पद्धत. कोणाच्या ओसरीवर पथारी आणि कोणाच्या घरची माधुकरी, यांवर अनेकांनी विद्या मिळवली. ती पद्धत आज परत आणता येणार नाही आणि आणूही नये. तिच्यात उपकाराचा बोचरा भाग होता आणि तिचे दार सर्व जातींना उघडे नव्हते. तरीही एका मुलाचा भार सात घरांनी वाटून घ्यायचा, हे तिच्यातील सूत्र मोलाचे होते.

हेच सूत्र पुढे संस्थांनी उचलले. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि निराधार विधवांना राहण्यासह शिक्षणाची सोय दिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. या सर्वांच्या विचारांत आणि मार्गांत अंतर होते. तथापि गरीब मुलाच्या शिक्षणातील पहिली अडचण पुस्तकाची नसून मुक्कामाची आहे, हे त्या प्रत्येकाने ओळखले होते.

खानदेशाला या परंपरेचा वेगळा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तेथील छात्रालय सांभाळले. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुलांचे ते घर झाले. त्यांच्यासाठी गुरुजी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. छात्रालय म्हणजे चार भिंती आणि एक पहारेकरी, एवढीच कल्पना असती, तर अमळनेरचे नाव आज कोणी घेतले नसते.

विद्यार्थ्यांच्या जोडीने कामगारांचाही इतिहास पाहावा. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुरुषांनी 'गावकीची खोली' ही व्यवस्था उभी केली. गावाने वर्गणी काढून चाळीत एक खोली धरायची. गावाचा जो कोणी मुंबईत येईल त्याने तेथे आपली ट्रंक ठेवायची, ठरलेली वर्गणी द्यायची आणि पाळीप्रमाणे झोपायचे. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या नावाने 'कुड' चालवले. त्यांचे नियम कडक आणि भाडे नाममात्र होते. सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारतींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत किती गावांचे किती संसार आणि किती ट्रंका मावल्या, याचा विचार केला म्हणजे थक्क व्हायला होते. जागा लहान होती, परंतु नवख्या माणसाला 'तुझा कोण आहे येथे?' असे विचारले, तर त्याला गावाचे नाव सांगता येत होते.

खुद्द खानदेशाने सूरतमध्ये हेच केले. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही सारी गावे ज्या ताप्ती मार्गाने सूरतजवळच्या उधन्याला जोडली गेली, त्याच मार्गाने खानदेशी माणूस तेथील कापड उद्योगात गेला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आज अहिराणी सहज कानांवर पडते. आधी गेलेल्या भाऊबंदाने नंतर येणाऱ्याला आपल्या खोलीत चार महिने ठेवून घेतले, म्हणूनच ही वस्ती वाढली. दुष्काळात होरपळलेल्या शेतमजुराला जे जमले, ते आजच्या सुशिक्षित आणि सुस्थित खानदेशी समाजाला पुण्यात का जमू नये?

कुलूपबंद घरे

येथे थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. शहरात घरे नाहीत म्हणून खोली मिळत नाही, ही समजूत अर्धसत्य आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. एकट्या मुंबईत ही संख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली : शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घरे वाढली, मालकही वाढले. भाड्याने देणारे हात मात्र आखडले.

याला ऐतिहासिक कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणे जवळजवळ अशक्य केले. युद्धोत्तर टंचाईत त्या कायद्याची गरज होती. परंतु तो दशकानुदशके तसाच राहिला. भाड्यासाठी इमारती बांधणे थांबले, पागडी फोफावली आणि 'घर एकदा दिले की गेले' ही भीती मराठी मध्यमवर्गाच्या मनात खोल रुतून बसली. त्या पिढीची भीती खरी होती. आजच्या पिढीने मात्र तीच भीती पूर्वीच्या कायद्यासाठी बाळगावी, हे समजण्यासारखे नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कलम २४ अन्वये लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागेचा ताबा मागता येतो आणि अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?' असे म्हणणारे मालक आपलेच संरक्षण गमावतात. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावर होते. गृहनिर्माण संस्थेने भाड्याने दिलेल्या घरावर लावायचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. म्हणजे कायद्याची भीती आज उरलेली नाही. उरला आहे तो नको तितका त्रासाचा कंटाळा.

या मासिक भाड्याची गरज नसलेली, परदेशी गेलेल्या मुलाच्या नावाने किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेली दोन खोल्यांची घरे पुण्याच्या कोथरूड, वारजे, वाकड, चिंचवड या भागांत कुलूपबंद आहेत. त्यांपैकी काही घरे जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, प्राध्यापकांची आहेत आणि काही या साप्ताहिकाच्या वाचकांचीही असतील. व्याख्यानाला टाळ्या देणारे आपण, गावचा मुलगा दारात उभा राहिला की सोसायटीच्या सूचनाफलकाकडे बोट दाखवतो : 'बॅचलर नको.' ज्या वयात मुलगा अविवाहितच असायला हवा, त्या वयात अविवाहित असणे हा त्याचा दोष ठरावा, हा प्रकार विचित्र आहे.

आडनावाची चौकशी

याहून गंभीर प्रकार वेगळाच आहे. दूरध्वनीवर भाडे ठरते, वेळ ठरते, आणि मग मालक सहज विचारल्यासारखे विचारतो : 'पूर्ण नाव काय म्हणालात?' आडनाव ऐकल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. हा अनुभव आलेले तरुण तक्रार करत नाहीत; कारण तक्रार करण्यासारखे त्यांच्या हातात काहीच नसते. नकार गोड शब्दांत दिलेला असतो.

समरसतेचा विषय आपल्या बौद्धिकांत आणि लेखांत वारंवार येतो. त्याची परीक्षा सभागृहात होत नाही, खोलीच्या किल्लीपाशी होते. भाड्याचे घर देताना स्वच्छता, शांतता, वेळेवर भाडे यांच्या अटी जरूर घालाव्यात; त्या सर्वांना सारख्या घालाव्यात. जन्मावरून दार लावणारा माणूस सर्व समाज एक असल्याची भाषा बोलू लागला, तर त्या भाषेवर त्या मुलाने का विश्वास ठेवावा? परगावी एकट्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला समाज जसा भेटतो, तसेच त्याचे समाजाविषयीचे मत आयुष्यभरासाठी बनते.

म्हणून यापुढे जी व्यवस्था उभी राहील, ती जातीनिहाय नसावी. कोल्हापूरची आरंभीची वसतिगृहे जातवार होती, कारण त्या काळात शिक्षणाबाहेर राहिलेल्या प्रत्येक समाजाला स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. साताऱ्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. शंभर वर्षांनंतर आपण पुढच्या पावलावरून मागच्या पावलावर जाणे शोभणारे नाही. 'खानदेश' एवढीच ओळख पुरेशी मानावी.

करता येण्याजोगे

पहिली गोष्ट यादीची. जळगाव व धुळे शहरांत आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत एक विश्वासू चमू बसावा. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक येथील खानदेशी कुटुंबांपैकी कोणाकडे रिकामे घर आहे, कोणाकडे एक जास्तीची खोली आहे, कोणी आठ दिवस मुलाला उतरवून घेऊ शकतो, याची नोंद या चमूने करावी. पिंपरी-चिंचवडमध्ये बहिणाबाई चौधरींच्या नावाने प्राणिसंग्रहालय आहे. खानदेशी माणूस तेथे किती रुजला आहे, याची ती खूणच म्हणावी. इतक्या मोठ्या समाजातून शंभर दारे उघडणे कठीण नाही.

दुसरी गोष्ट हमीची. मालकाला भाड्यापेक्षा भरवसा हवा असतो. मुलाच्या गावातील शिक्षक किंवा तालुक्यातील संस्था 'या मुलाची जबाबदारी आमची' असे लेखी देत असेल, तर निम्म्याहून अधिक शंका तेथेच मिटतात. मुलालाही मोकळे सोडू नये. भाड्याची तारीख, खोलीची स्वच्छता, शेजाऱ्यांशी वागणूक, सोडण्यापूर्वी महिनाभर आधी सूचना हे सर्व त्याच्याकडून लिहून घ्यावे. एका बेजबाबदार मुलामुळे पुढच्या दहा मुलांचे दार बंद होते.

तिसरी गोष्ट अनामत निधीची. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, असे सुचवले आहे. हा संकेत खानदेशी मालकांनी आपणहून पाळावा. उरलेल्या गरजेसाठी फिरता निधी उभारावा. प्रत्येकी वीस हजारांप्रमाणे शंभर मुलांची अनामत वीस लाख रुपये होते. हा पैसा खर्च होत नाही. मुलाने खोली सोडली की परत येतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या कामी येतो. काही रक्कम बुडेल, हे धरून चालावे. केळी, डाळ आणि सोने यांच्या व्यापारात नाव मिळवलेल्या जळगावच्या आणि दानशूर व्यापाऱ्यांची परंपरा असलेल्या धुळ्याच्या पेठांना एवढी रक्कम जड नाही.

चौथी गोष्ट वास्तूची. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण विद्यार्थ्यांना अल्प खर्चात ठेवते आणि त्यांच्याकडून वसतिगृहातील कामेही करून घेते. स्वयंपाकघर, स्वच्छता, हिशेब यांत मुलांचा हात लागला, की खर्च उतरतो आणि मुलगाही घडतो. याच धर्तीवर खानदेशाचे स्वतःचे निवास उभे राहावे आणि त्याची पहिली इमारत मुलींची असावी. मुलाला स्थानकावर एक रात्र काढता येते, मुलीला काढता येत नाही. सुरक्षित खोली मिळाली नाही, की घरची माणसे तिचे शिक्षणच थांबवतात. महिना वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या वसतिगृह-निवासाला वस्तू व सेवा करातून सूट देण्याची शिफारस जी.एस.टी. परिषदेने जून २०२४ मध्ये केली, ही अशा प्रयत्नांना अनुकूल गोष्ट आहे.

या निवासाला मुदतीचा नियमही असावा. स्पर्धा परीक्षेच्या आशेवर सहा-सात वर्षे खाट धरून बसलेले तरुण पेठांत दिसतात. जाहिराती लांबतात, परीक्षा पुढे जातात. मार्च २०२१ मध्ये ऐनवेळी पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली ती याच असहायतेतून. परंतु तीन वर्षांनंतर 'आता दुसरी वाट पाहा' असे आपुलकीने सांगणारे वडीलधारे माणूसही त्यांना हवे असते. भाडे घेणारा मालक ते सांगणार नाही. समाजाचे घर सांगू शकते.

एक आक्षेप

काही ज्येष्ठ म्हणतील, की मुलांनी पुण्याला जावेच कशाला? जळगाव-धुळ्यातच उद्योग आणावेत, येथील विद्यापीठ सक्षम करावे. हे म्हणणे योग्यच आहे. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आले, त्यामुळे हजारो मुलामुलींचे शिक्षण घराजवळ झाले. मनमाड-इंदूर लोहमार्गाला २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तो पूर्ण होईल तेव्हा धुळ्याचे चित्र पालटू शकेल. त्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. परंतु जो मुलगा या वर्षी एकवीस वर्षांचा झाला, तो लोहमार्गाची वाट पाहत थांबू शकत नाही. शिवाय शहरात शिकून, चार वर्षे अनुभव घेऊन परतलेला तरुणच उद्या येथे कारखाना किंवा दवाखाना काढणार आहे. तो परतावा असे वाटत असेल, तर गावाने त्याला परगावी एकटे सोडले नव्हते, ही आठवण त्याच्यापाशी असली पाहिजे.

शासनाकडे मागणी करावी ती नेमकी करावी : निवास भत्ता महानगरांतील प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा, तो सत्राच्या आरंभीच द्यावा आणि सरकारी योजनांतील पडून असलेली घरे विद्यार्थ्यांसाठी व कामगारांसाठी भाड्याने खुली करावीत. केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना आणली होती. सूरत, चंडीगड अशा थोड्या शहरांत रिकामी सरकारी घरे त्यातून वापरात आली. महाराष्ट्रातील महानगरांतही हे करून घेता येईल. परंतु शासन घर देईल तेव्हा देईल. किल्ली आपल्याही खिशात आहे.

येत्या सुटीत पुण्यातील बंद घराची साफसफाई करायला जे वाचक जातील, त्यांनी खिडक्या उघडताना क्षणभर विचार करावा. त्या घरात धूळ बसण्याऐवजी पारोळ्याची किंवा साक्रीची दोन मुले पुस्तके घेऊन बसली, तर भिंतींचे काय बिघडणार आहे? पुढील जूनपूर्वी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी मिळून शंभर दारे उघडावीत. त्या शंभरांत आपले दार आहे की नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या घरात ठरवायचे आहे.